हजेरी घेणारी मोटार

माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, कापसाच्या गंज्यांना लागलेल्या आगी झाल्या. पण घरातलं कुणी ‘पोलिसातली एखादी गोष्ट सांगा’ म्हणालं, की यातलं काहीच मला चटकन आठवत नाही. डोळ्यांपुढे उभी राहते ती उतारूंची एक कळकट सर्व्हिस मोटार. या प्रकरणात ना कुणाचं रक्त सांडलं, ना कुणाचं काही चोरीला गेलं. तरीही एक माणूस बिनचौकशी वर्षानुवर्षं तुरुंगात सडायची वेळ आली होती, आणि सुटायचा रस्ता ठाऊक असून तो तोंड उघडत नव्हता.

महायुद्धाचा काळ होता. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि मी तिथं सब-इन्स्पेक्टर होतो. लोक ठाणेदार म्हणत. पेट्रोल मिळेनासं झालं होतं, म्हणून सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मोटारीच्या पाठीला पाण्याच्या बंबासारखी उभी टाकी लावलेली असे. तिच्यात कोळसा पेटवायचा, पंखा फिरवायचा, मग बऱ्याच वेळानं मोटारीच्या मनात आलं तर ती सुरू व्हायची. चढ आला की उतारूंनी उतरून चालायचं. मीसुद्धा गणवेशात उतरून चाललो आहे.

रेडिओ ही त्या काळी पोलिसांची मोठी डोकेदुखी होती. ऐकण्याच्या सेटलाही लायसन लागे. आवाज पाठवणारा ट्रान्समीटर बाळगणं तर भारत संरक्षण कायद्याखाली गंभीर गुन्हा. शत्रूची स्टेशनं चार माणसांत बसून ऐकायलाही बंदी होती. वाशिमात लायसनवाले सेट मोजकेच होते, आणि आमचा जमादार अधूनमधून ते तपासायला जाई. तपासायचा म्हणजे चहा प्यायचा, गाणं ऐकायचं आणि ‘ठीक आहे’ म्हणून यायचं.

एका बाजाराच्या दिवशी दुपारी अनसिंगचा एक कोळसेवाला ठाण्यात आला. हा मोटारींना कोळसा पुरवायचा. बराच वेळ ओट्यावर घुटमळला, मग आत येऊन माझ्या टेबलाशी वाकला.

“साहेब, एक सांगाचं होतं. पन माह्यं नाव नाई आलं पाह्यजे.”

“आधी सांग. नावाचं मग बघू.”

“थे मिस्त्रीची मोटार हाये ना जी, पुसदच्या रस्त्यावर चालते थे. थिच्यात यंत्र बसवलं त्यानं. बोलते थे.”

“ग्रामोफोन असेल.”

“गिरामोफोन गाते जी. हे हाजरी घेते.”

मी लेखणी खाली ठेवली. त्याला बसायला सांगितलं आणि सगळं पहिल्यापासून विचारलं.

तो म्हणाला ते असं. मिस्त्रीची मोटार संध्याकाळी अनसिंगला येते, उतारू उतरतात. मग मोटार थांब्यावर न राहता गावाबाहेरच्या एका विहिरीजवळ जाते. परवा कोळशाची पोती द्यायला हा तिथं गेला होता. मोटारीच्या टपावरून लिंबाच्या झाडाला तार बांधलेली. दुसरी तार खाली, मोटेच्या पाटाच्या चिखलात ठोकलेल्या लोखंडी खुंटीला. आत भोंगा. भोंग्यातून एक माणूस हिंदुस्थानीत एकामागून एक नावं पुकारत होता, आणि मोटारीत बसलेली एक बाई प्रत्येक नावाला ‘ओ’ देत होती.

“बाई कोण?”

“परदा होता जी मोटारीले. दिसली नाई.”

“नावं कोणती?”

“करतारसिंग म्हने. मंग सुब्बा का सुब्बय्या. मंग कोनी खान. अशी लय होती. कोनी आपल्या इकडचं नोयतं. बाई म्हने, ‘ओ बापू, ओ.’ मी तसाच मांगं फिरलो. पोतीबी नाई देली.”

खोटं बोलणारा माणूस सहसा जास्तच सांगतो, हा माझा अनुभव. हा जेवढं ऐकलं तेवढंच सांगत होता, आणि घाबरलेला होता. मी त्याचं म्हणणं स्टेशन डायरीत नोंदवून वर कळवलं.

अकोल्याहून सर्कल इन्स्पेक्टरांचा निरोप लगेच आला. त्या दिवसांत कुठं तारा तुटत, कुठं रुळ उखडले जात, आणि भूमिगतांची छुपी रेडिओ स्टेशनं पकडा म्हणून परिपत्रकांवर परिपत्रकं येत होती. साहेबांनी एकदम निष्कर्षच काढला होता: फिरता ट्रान्समीटर, नावं टोळीतल्या माणसांची, बाई त्यांची हस्तक. मुद्देमालासह पकडा.

दोन पंच, जमादार आणि तीन शिपाई घेऊन मी त्या विहिरीजवळच्या तुरीच्या शेतात दबा धरला. दिवेलागणीच्या जरा आधी मोटार आली. मिस्त्री एकटाच उतरला. हा वाशिमच्या मोमीनपुऱ्यातला पन्नाशीचा माणूस, मोटारीचा मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच. मी त्याच्या मोटारीत कितीदा बसलो होतो. त्यानं इंजिन बंद केलं, तार झाडावर फेकली, खुंटी ठोकली आणि पाटातलं पाणी डबड्यानं खुंटीवर ओतलं. बाईची वाट पाहावी असा माझा बेत होता, पण जमादाराला तुरीत शिंक आली. त्याच्या शिंकेनं बैलसुद्धा बिथरत. मग लपण्यात अर्थ नव्हता.

मिस्त्री पळाला नाही. डबडं खाली ठेवून हात जोडले. “या साहेब,” म्हणाला, जणू मी सोयरिकीला आलो होतो.

झडती घेतली. ड्रायव्हरच्या सीटखाली हत्यारं ठेवायची पेटी होती, तिच्यात सेट बसवलेला. धक्के लागू नयेत म्हणून चारी बाजूंनी जुन्या ट्यूबचे तुकडे कोंबले होते. वीज मोटारीच्याच बॅटरीची. भोंगा ग्रामोफोनचा, तो उतारूंच्या बाकाखाली. टपावरची तार सामान बांधायच्या दोरखंडात अशी गुंडाळलेली की दिवसा कुणाला संशय येऊ नये. पंचनामा लिहिताना जमादार अडला. “साहेब, ह्या काचेच्या बाटल्या लिहू का दिवे?” मी म्हटलं, “दिसतं ते लिही.” त्यानं लिहिलं, ‘काचेच्या बंद बाटल्या, आत उजेड.’ इतका अचूक पंचनामा मी नंतर फार थोडा पाहिला.

“हे मोटारीत कशाला बसवलंत?” मी मिस्त्रीला तिथंच विचारलं.

“घरी बसवलं असतं त तुमचा जमादार चहा प्याले आला असता,” तो म्हणाला. “न वाशिमात कापसाच्या जिनाच्या इंजनापायी नुसती कडकड आयकू येते. इथी शांत राह्यते. मोटारीचं इंजनबी बंद करा लागते, नाई त त्याची ठिनगी बोलते यंत्रात.”

“आणि खुंटीला पाणी?”

“जमीन लागते त्याले. मोटार रबरावर उभी, तिले जमीन कुठी? सुकी जमीन चालत नाई, वली पाह्यजे. म्हनून पाटाजवळ येतो.”

लपवाछपवी काहीच नव्हती. तरुणपणी मुंबईत रेडिओच्या दुकानात हाताखाली काम केलं, तिथं हे शिकलो, हेही त्यानं सांगितलं. फक्त बाईचं विचारलं की गप्प.

दुसऱ्या दिवशी सर्कल इन्स्पेक्टर साहेब स्वतः आले. चौकशी त्यांनीच सुरू केली. आवाज पार कचेरीबाहेर जात होता.

“ट्रान्समीटर कुठं आहे?”

“नाई साहेब. हे यंत्र फक्त आयकते. बोलत नाई.”

“मग ती बाई ओ कुणाला देत होती? तुझ्या बापाला?”

साहेब खुर्चीतून उठले.

“नाव सांग तिचं. ती येऊन जबाब देऊ दे. नाही तर उद्याच्या गाडीनं तू अकोल्याला, तिथून नागपूरच्या तुरुंगात. खटला नाही, वकील नाही, तारीख नाही. मोटार सरकारजमा.”

“लिवा साहेब, काय लिवाचं थे लिवा. बाईचं नाव मी नाई सांगत.”

मिस्त्रीला तीन मुली होत्या, आणि घर त्या एका मोटारीवर चालत होतं. नागपूरहून वायरलेसचा जाणकार येऊन सेट तपासणार होता, पण केव्हा, ते कुणाला माहीत नव्हतं. स्थानबद्धतेचा हुकूम मात्र तयार होता, फक्त सही व्हायची होती. मी साहेबांकडे एका दिवसाची मुदत मागितली. त्यांनी नाक मुरडलं, पण दिली.

सकाळी ठाण्यात हजेरी असते. मी खुर्चीत बसून चहा पीत होतो आणि बाहेर जमादार नावं पुकारत होता. एक शिपाई पट्टा सावरत येत होता. जमादारानं त्याचं नाव घेतलं आणि थांबला. पुन्हा घेतलं, पुन्हा थांबला. ‘हजर’ ऐकल्याशिवाय पुढचं नाव घेईना. हे मी वर्षानुवर्षं रोज पाहत होतो. त्या दिवशी मात्र चहाचा कप तसाच ठेवून मी कोळसेवाल्याला बोलावणं धाडलं.

“बाई ओ द्यायची तेव्हा यंत्र थांबायचं का?”

त्यानं जरा आठवून पाहिलं. “नाई जी. थांबते कायले? तिचं ओ तोंडातच राहे न थे पुढचं नाव घे. तिची लगबग होये बिचारीची.”

“नावाबरोबर आणखी काय सांगायचं?”

“गाव. न पलटन का काय थे. आखरीले ‘खैरियत से है’ म्हने.”

मग ती हजेरी नव्हती. हजेरी घेणारा ओ येईपर्यंत थांबतो. हा थांबत नव्हता, कारण त्याला काही ऐकूच येत नव्हतं. गाव, पलटण, खुशाली. सिंगापूर पडल्यापासून आपल्या हजारो शिपायांचा पत्ता नव्हता, आणि जपानी लोक कैद्यांची नावं रेडिओवर वाचतात अशी कुजबुज आमच्याही कानावर होती.

अनसिंगच्या पोलीस पाटलाला विचारलं, गावातला कुठला पोरगा पलटणीत आहे, ज्याची बरेच दिवस खबर नाही? पाटलानं एकच नाव सांगितलं. विधवेचा एकुलता एक मुलगा. आधी मिस्त्रीच्या मोटारीवर क्लिनर होता. पलटणीत ड्रायव्हर हवेत म्हणून भरती निघाली, तेव्हा मिस्त्रीनंच त्याला नेऊन उभा केला होता.

मी कोठडीत गेलो. शिपायाला बाहेर पाठवलं, मिस्त्रीपुढे चहा ठेवला आणि त्या मुलाचं नाव घेतलं. त्यानं उचललेला कप खाली ठेवला.

“पाटलानं सांगितलं का?”

“मी शोधलं. आता बोला.”

“मीच धाडलं साहेब त्या पोट्ट्याले. म्हनलं, शिकून येशीन, दोन मोटारी करू. न थे लढाईतच गुतलं. मंग एका रोजी यंत्रात त्याचं नाव आलं. अनसिंग म्हनलं, तालुका वाशिम म्हनलं. जिता हाये म्हनलं. मी दुसऱ्या रोजी त्याच्या मायले घेऊन आलो. नाव पुन्हा नाई आलं. दुसऱ्यायचे आले. तिनं त्यायलेच ओ देली.”

“मग हे सांगायला काय हरकत होती? तिच्या जबाबानं तुम्ही सुटता.”

“सुटतो, मालूम हाये.” त्यानं डोळे पुसले. “पन साहेब, तिले वाटते तिचं बोलनं तिकडं आयकू जाते. म्या कधी नाई म्हनलं नाई. कसं म्हनू? तुमी जबाब घ्यान, मोठे साहेब तिच्यावर वरडन, ‘बुढे, हे यंत्र आयकतच नाई’ म्हनन. मंग ती कायच्या भरोशावर राह्यन? मले धाडा नागपूरले. तिले सांगू नका.”

मला त्याचा राग आला आणि गहिवरही आला. असला वेडेपणा करणाऱ्या माणसाला धरून हलवावंसं वाटतं.

दुपारी मी एकटाच अनसिंगला गेलो. बरोबर फक्त पोलीस पाटील, तोही ओट्यावर बसवलेला. बाई अंगणात कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांचे जुडे बांधत होती. साठीची, सडपातळ, हात भराभर चालणारे. मला पाहून तिनं पदर सारखा केला, पण जुडा बांधून झाल्यावरच उठली.

“मिस्त्री भाऊले सोडाले आले का धराले, साहेब? धराले असन त मी बी येतो. यंत्र माह्यापायीच बसलं होतं थे.”

मी म्हटलं, “धरायला नाही आलो. फक्त काही विचारायचं आहे. यंत्रातून नावं यायची तेव्हा तुम्ही ओ द्यायच्या?”

“हाव.”

“तुम्ही ओ दिल्यावर यंत्रातून तुम्हाला कधी उत्तर आलं?”

“नाई. एकदाबी नाई. थो आपला पुढचं नाव घे.”

मला कायद्यापुरतं एवढंच हवं होतं. मी शब्द तोलून, तिच्या मनाला धक्का लागणार नाही अशा बेतानं पुढचं विचारणार, तेवढ्यात तीच हसली.

“साहेब, तुमी लय जपून बोलून राह्यले. मिस्त्रीनं सांगतलं ना तुमाले, की बुढीले वाटते पोराले आयकू जाते?”

मी टोपी काढून हातात घेतली.

“मले येवढंबी समजत नाई का जी? टेसनावर तारबाबू बोलते ते पाह्यलं नाई का म्या? थो बोलते, मंग थांबते, मंग आयकते. हे यंत्र थांबतच नोयतं. पयल्याच रोजी समजलं मले.”

“मग ओ का देत होतात?”

तिनं एक काडी उचलून जुड्यात खोचली.

“माह्या पोट्ट्याचं नाव आलं तवा मी तथी नोयती. मिस्त्रीनं आयकलं, म्या नाई. त्याच्या नावाले ओ देनारं कोनी नोयतं. मंग म्हनलं, ह्या लेकरायच्या माया कुठी असतीन, त्यायले तरी कोन सांगते? कोनी पंजाबातली, कोनी कुठची. कोनी आपल्या पोराचं नाव घेतलं न घरातून ओ नाई आली, त कसं वाटते जी? कोनीतरी द्याले पाह्यजे. म्हनून देत होती.”

बाहेर पाटील खोकला. माझ्या अंदाजापेक्षा ही बाई पुष्कळ पुढं होती.

“न एक आयका साहेब,” तिचा आवाज खाली आला. “मिस्त्रीले हे सांगू नका. त्याले वाटते त्याच्यापायी पोरगा गेला. मले तिथी बसवून, म्या ओ देली की त्याले जराक बरं वाटे. मले समजलेलं हाये हे कळलं त थो पुन्हा खचन. वाटू द्या त्याले बुढी येडी हाये म्हनून.”

जबाब मी स्वतःच्या हातानं लिहिला. ‘मी स्वखुशीनं ओ देत होते. मला यंत्रातून कधीही उत्तर मिळालं नाही. यंत्र माझ्या बोलण्यासाठी थांबत नसे.’ तिनं अंगठा उमटवला. कायद्याला लागत होतं तेवढं सगळं त्यात होतं, आणि त्या दोघांपैकी कुणाचंही गुपित त्यात नव्हतं. कोळसेवाल्याचा पुरवणी जबाब जोडला. सर्कल साहेबांनी दोन्ही वाचले, फाईल टेबलावर आपटली, पण स्थानबद्धतेच्या हुकमावर सही झाली नाही. पुढे नागपूरचा जाणकार आला. त्यानं सेट उघडला, आवाज पाठवण्याचं काहीही त्यात नाही असा दाखला दिला, आणि जाताना बसवणाऱ्याच्या हाताचं कौतुक केलं. विनालायसन सेट बाळगल्याबद्दल मिस्त्रीला कोर्टानं ताकीद दिली. सेट जप्त झाला. मोटार परत मिळाली.

मोटार ताब्यात घेताना मिस्त्रीनं मला बाजूला नेलं.

“साहेब, बुढीले काई सांगतलं त नाई ना?”

“नाही,” मी म्हणालो.

“तिले अजूनबी वाटते ना, आयकू जाते म्हनून?”

“हो. तसंच वाटतं तिला.”

त्यानं माझे दोन्ही हात धरले. मग कोळसा पेटवून, पंखा फिरवून, खोकत खोकत मोटार गेली. रेडिओ गेला तरी ती मोटार संध्याकाळी अनसिंगला मुक्कामाला थांबत राहिली, आणि मिस्त्री बाईच्या ओट्यावर बसून जेवत राहिला, हे मला पाटलाकडून कळे. लढाई संपल्यावर काही महिन्यांनी मुलगाही परत आला. तोवर माझी बदली कारंज्याला झाली होती.

पोलीस खात्यात आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवतात: आरोपी गप्प बसला, की तो स्वतःला वाचवत असतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. त्या प्रकरणानंतर मात्र गप्प बसलेल्या माणसासमोर बसलो की मी आवाज चढवायच्या आधी स्वतःला विचारायचो, हा कुणाला वाचवतो आहे? या एका प्रश्नानं माझे पुढचे कितीतरी तपास सोपे झाले, आणि दोन-तीन माणसं विनाकारण मार खाण्यापासून वाचली.

बदली होईपर्यंत रस्त्यात कधी मिस्त्री भेटे, कधी ती बाई. दोघंही माझ्याकडे बघून एकसारखंच हसत, दुसऱ्याला काही ठाऊक नाही अशा खात्रीनं. मी कधी काही बोललो नाही. आता दोघंही नाहीत, म्हणून लिहिलं.